इंगाबाईच्या खोलीतली ओली पावलं

यातला एकही शब्द मी पदरचा घालणार नाही. हे माझ्या सख्ख्या आत्यासोबत घडलंय, आणि त्या दिवशी दाराबाहेर मी स्वतः उभी होते.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

भर दुपार होती... मे महिन्यातली. बुद्धपौर्णिमा होऊन पाच दिवस झालेले. साल १९७३, वार मंगळवार. ठिकाण येलदरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी.

माझं नाव रुख्मिणी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. परभणीला मास्तरकीचं शिक्षण घेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. वडील सटवाजी धरणाच्या कामावर मजूर. त्यांची बहीण केवळाबाई, म्हणजे माझी आत्या. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा वारला, तेव्हापासून ती आमच्याकडेच.

दुष्काळाचं ते वर्ष. धरणाच्या पोटात भेगा पडल्या होत्या. लोक अमेरिकेहून आलेल्या मिलो जवारीच्या लाल भाकरी खाऊन खडी फोडत होते. अशात एका परदेशी संस्थेनं धरणाच्या वसाहतीतल्या रिकाम्या क्वार्टरमध्ये दवाखाना काढला. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत नर्सबाई राहायच्या.

त्या नर्सबाई म्हणजे इंगाबाई.

वय पंचेचाळीसच्या पुढं. उंच, केस जवारीच्या कणसासारखे फिकट. आत्या त्यांच्या हाताखाली कामाला लागली. पट्ट्या उकळायच्या, लेकरांना दूध वाटायचं, बाळंतिणींना धीर द्यायचा. वर्षभरात दोघी इतक्या जवळ आल्या की लोक म्हणायचे, केवळाला गोरी बहीण मिळाली.

आत्या पण तसंच समजायची.

दुपारी एक ते चार दवाखाना बंद. तेव्हा दोघी पायरीवर बसायच्या आणि इंगाबाई त्यांच्या गावाच्या गोष्टी सांगायच्या. पुस्तकातली मराठी बोलायच्या, पण समजायची.

गाव शिकागो. लय मोठं शहर. पण त्यांचे आईबाप तिथले नव्हते. स्वीडन नावाच्या देशातून ते बोटीनं आलेले. बाप सुतार होता. आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. तिला इंग्रजी शेवटपर्यंत आलं नाही. दुकानात, दवाखान्यात, शाळेत सगळीकडे लहानगी इंगा तिच्यासोबत जायची आणि आईच्या वतीनं बोलायची.

"मी सहा वर्षांची असल्यापासून आईचं तोंड होते," इंगाबाई म्हणायच्या. "मी सांगेन ते तिला खरं वाटायचं. दुसरं कोण सांगणार होतं?"

"मग आता कुठं हाय तुमची माय?" एकदा आत्यानं विचारलं.

"वारली. माझ्या मांडीवर."

एवढं बोलून त्या उठून आत गेल्या.

पहिली खूण एप्रिलच्या मध्यात दिसली.

दुपारी आत्या पट्ट्या आणायला आत गेली. फरशीवर पाणी होतं. तिला रागच आला. त्या दिवसांत एक घागर पाणी आणायला दीड कोस चालावं लागायचं.

"कुणी सांडलं गं पाणी?" ती ओरडली.

मग तिनं नीट पाहिलं...

ते सांडलेलं पाणी नव्हतं. ती पावलं होती. अनवाणी पायांची, बाईमाणसाची. दारापासून सुरू होऊन इंगाबाईंच्या खाटेपाशी थांबलेली.

आत आलेली होती. बाहेर गेलेली एकही नव्हती.

आत्यानं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. बाहेर लोखंड तापून पोळत होतं... आणि ते पाणी बर्फासारखं गार होतं.

इंगाबाईंनी पावलांकडं पाहिलं. फडकं घेतलं आणि खाली मान घालून पुसायला लागल्या.

चार दिवसांनी आवाज आला.

दोघी पायरीवर बसल्या होत्या. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. आतून... मागच्या खोलीतून... म्हाताऱ्या बाईचा आवाज. हळू. लेकराला जेवायला हाक मारतात तसा.

"इंगा... कोम हेम..."

आत्याच्या अंगावर काटा आला.

"बाई, आत कोण हाय?"

इंगाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पण त्यांनी आत पाहिलं नाही. त्या आत्याकडं बघत होत्या.

"तुला पण ऐकू आलं?"

"आलं की. काय म्हणायलीय ती?"

"घरी चल, असं म्हणते." त्या आत्याच्या जवळ सरकल्या. मग पुन्हा विचारलं, "केवळा, तुला खरंच ऐकू येतं?"

आत्या मला नंतर सांगायची, त्या नजरेत भीती कमी झाल्यासारखी वाटली. "मला वाटलं, सोबत मिळाली म्हणून बाईला धीर आला असंल," ती म्हणायची.

त्यानंतर इंगाबाई आत्यावर फारच माया करायला लागल्या.

स्वतःचा वासाचा साबण दिला. स्वतःचा निळा लोकरीचा स्वेटर दिला. त्या उन्हात स्वेटर! आत्यानं तो नुसता उशाला घ्यायचं ठरवलं. मग इंगाबाई म्हणाल्या, "दुपारी तू माझ्या खाटेवर झोपत जा. ती खोली गार आहे. मी पुढच्या खोलीत पडेन."

आमच्या वस्तीतल्या बाईला गोऱ्या नर्सबाईनं आपली खाट द्यावी! आत्यानं हे अख्ख्या वस्तीला सांगितलं. माझ्या आईला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जिंदगीत पहिल्यांदा कुणी मला आपल्या जागंवर झोपवलं, वैनी," ती म्हणाली.

तो मंगळवार उजाडला.

दुपारी मी आत्याची भाकर घेऊन निघाले. वाटेत समोरून इंगाबाई आल्या. हातात बॅग, डोक्याला रुमाल. जिंतूरच्या गाडीच्या थांब्याकडं चालल्या होत्या.

"कुठं जायलाव, बाई?"

"जिंतूरला. औषधं आणायची आहेत." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "आत्या झोपली आहे. तिला उठवू नकोस."

मी दवाखान्यात पोचले. पुढची खोली रिकामी होती. खुंटीवरचे इंगाबाईंचे कपडे नव्हते, भिंतीवरचा त्यांचा फोटो नव्हता. माझ्या लक्षात आलं, पण डोक्यात शिरलं नाही.

मागच्या खोलीचं दार बंद होतं.

दाराच्या फटीतून... गार हवा येत होती. माझ्या पायाची बोटं आखडली. ओल्या लोकरीचा वास येत होता.

आणि आत कुणीतरी गुणगुणत होतं. अंगाई गातात तसं.

"आत्या?"

गुणगुणणं थांबलं.

मग आत्याचा आवाज आला, गळा दाबल्यासारखा. "रुख्मिणी... दार उघड... मला धरलंय गं..."

मी दार ढकललं. हललं नाही. तेव्हा वर पाहिलं.

कडी बाहेरून लावलेली होती.

कशी काढली मला आठवत नाही. आत्या खाटेवर उताणी पडली होती. तिचे केस, उशी, गोधडी ओलीचिंब. उजव्या मनगटाभोवती पाच बोटांचे पांढरे वळ. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं. झोप लागल्यावर कुणीतरी उशाशी येऊन बसलं. ओल्या, गार हातानं तिच्या केसांवरून हात फिरवायला लागलं. आत्यानं डोळे उघडले. म्हातारी होती. दवाखान्याचा झगा घातलेला. डोळ्यांत दुधासारखा मोतीबिंदू. ती स्वेटर हुंगत होती... साबणाच्या वासाचे केस हुंगत होती... आणि हसत होती.

"मी म्हणलं, बाई, मी इंगा न्हाई. मी केवळा. तर तिनं हात आणखीच गच्च धरला. तिला आपली भाषा कुठं कळती?"

"दार का उघडत नव्हतं गं?" तिनं विचारलं.

"अडकलं होतं," मी म्हणाले.

मला खरं सांगवेना.

इंगाबाई जिंतूरला उतरल्याच नाहीत. पुढं परभणी, तिथून रेल्वे. संस्थेचा माणूस म्हणाला, बाईंनी महिन्याभरापूर्वीच परत जायचा अर्ज दिला होता.

महिन्याभरापूर्वी. म्हणजे आत्याला आवाज ऐकू आला त्याच आठवड्यात.

जानेवारीत शिकागोहून पत्र आलं. इंग्रजीत. घरात तेवढं वाचू शकणारी मी एकटी. आत्या हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

मी आधी मनात वाचलं.

आई मांडीवर वारली, हे खोटं होतं. बाप वारल्यावर आई भ्रमिष्टासारखी करायला लागली. तिचं बोट धरून इंगाबाईंनी तिला वेड्यांच्या दवाखान्यात नेलं. डोळे तपासायला नेतेय, असं सांगून. कागद पुढं केला, आईनं सही केली. संध्याकाळी न्यायला येते, म्हणाल्या. सात वर्षं गेल्या नाहीत. त्यांना लग्न करायचं होतं, आणि त्या माणसाला घरात म्हातारी नको होती. पुढं त्यानंही लग्न केलं नाहीच. दवाखान्यात आईची भाषा कुणालाच येत नव्हती. ती काय बोलते ते सगळ्यांना वेडाचं बरळणं वाटायचं. एका हिवाळ्यात ती अनवाणी बाहेर पडली आणि फाटकाजवळ बर्फात मेलेली सापडली.

तेव्हापासून ती इंगाबाईंच्या मागं होती. शहरं बदलली, देश बदलला. आणि खाली लिहिलं होतं, 'तुला तिचा आवाज ऐकू आला, तेव्हा मला कळलं की तिला दुसरं कुणी देता येईल. मला माफ कर. आता मला झोप लागते.'

"काय लिवलंय?" आत्यानं विचारलं.

"खुशाली विचारलीय. घाबरून निघून गेले म्हणते. माफी मागितलीय."

आत्या माझ्याकडं बघत राहिली.

"आन् कडीचं काय लिवलंय?"

मी मान खाली घातली.

"मला कडीचा आवाज आला व्हता, रुख्मिणी. झोप लागायच्या आधीच. म्हणलं, हवेनं उघडू नये म्हणून लावली असंल बाईनं." तिनं पत्रावर बोट ठेवलं. "आता तू तरी खरं वाच. तिनंबी तिच्या मायला असंच वाचून दाखवलं असंल."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आत्या रडली नाही. उठून तो निळा स्वेटर आणला आणि चुलीत घातला. लोकर जळेपर्यंत तिथंच बसून राहिली.

पण म्हातारी गेली नाही.

दर उन्हाळ्यात दुपारची यायची. मला मानवतला शाळेत नोकरी लागली, आत्या माझ्याकडं राहायला आली, तर तिथंही. आम्ही पूजा-गंडे काही मानत नव्हतो. तरी बुद्धवंदना म्हणून घेतली, खोली बदलून पाहिली. मला कधी दिसलं नाही. फक्त गारवा जाणवायचा... आणि आत्याचं मनगट पांढरं पडलेलं असायचं.

"ती काही वाईट न्हाई गं," आत्या म्हणायची. "तिला फसवलंय, मला फसवलंय. पण तिला सांगू कसं?"

मग मी इंगाबाईंना पत्र लिहिलं. राग नाही, शिव्या नाहीत. एकच मागणं. 'मी तुमची मुलगी नाही' एवढं एक वाक्य तुमच्या आईच्या भाषेत लिहून पाठवा. आम्ही पाठ करू.

उत्तर आलं नाही.

दुसरं पत्र लिहिलं. मग तिसरं. तिसरं पाच महिन्यांनी परत आलं. पाकीट कडेनं अलगद उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. वर इंगाबाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'येथे राहत नाही'.

मराठीत.

आत्यानं ते पाकीट कितीतरी वेळ हातात धरलं होतं. "एक वाक्य," ती म्हणाली. "एक वाक्य द्यायला तिला जड झालं."

१९७९ चा मे. आत्याला आठ दिवस ताप होता. त्या दुपारी तिनं अचानक डोळे उघडले.

"तू भाईर जा. ती यायलीय."

"मी न्हाई जायची, आत्या."

"जा म्हणते ना! माझा हात सुटला तर ती तुझा धरंल. मी कुणाला देणार न्हाई तिला. जा."

मी गेले. खरं सांगते, मला थांबता आलं असतं. मी भ्याले. ओसरीवर शेजारच्या गीताबाईंजवळ जाऊन बसले.

आतून गुणगुणणं आलं...

मग आत्याचा आवाज. घाबरलेला नव्हता. लहान लेकराचा असावा तसा होता.

"मम्मा... मम्मा..."

"मामाला बोलवायल्या वाटतं," गीताबाई म्हणाल्या.

आत्याला मामा नव्हता.

मी आत गेले तेव्हा ती संपली होती. अंथरूण कोरडं होतं. आत्या जन्मभर अंबाडा घालायची. आता तिच्या केसांचा मधोमध भांग पाडलेला होता आणि दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. शाळेत जाणाऱ्या पोरीसारख्या.

मागच्या वर्षी नातीनं मोबाईलवर त्या भाषेतले शब्द ऐकवले. आईला काय म्हणतात, ते मी विचारलं.

"मम्मा," मोबाईल म्हणाला.

इंगाबाईंनी तो शब्द आम्हाला कधीच सांगितला नव्हता. पत्रातही नव्हता. आत्यानं हार मानली, की तिला दया आली, की त्या क्षणी ती माझी आत्या राहिलीच नव्हती, मला माहीत नाही. इंगाबाई जिवंत आहेत की नाहीत, तेही माहीत नाही.

एवढं मात्र माहीत आहे की आत्यानं हाक दिली, तेव्हा मी ओसरीवर होते. आणि आत जाऊन तिचा हात धरला नाही.