शेततळ्यातली गप्प बदकं

"आबा, चंप्यानं काय न्हाई केलं! देवाशपथ!" शिवतेज रडकुंडीला आला होता.

"मग बदकाची मान काय मी सोलली व्हय रं?" आबा गरजले.

मानसिंगआबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. तासगावजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेत पानसुद्धा त्यांना विचारून हलायचं! काल शेततळ्यात एक बदक मरून तरंगत होतं. आज दुसऱ्याच्या मानेवरची पिसं उपटलेली, कातडी लालभडक! आबांनी तपास, खटला, निकाल, सगळं चहा संपायच्या आत उरकलं. गुन्हेगार म्हणजे त्यांच्या नातवाचा, शिवतेजचा कुत्रा चंप्या. शिक्षा? संध्याकाळी गावातल्या दादासोच्या टेम्पोतून सातारा. तिथल्या एका कारखान्याच्या गेटवर राखण, तीही कायमची!

साखळीला बांधलेला चंप्या शेपूट हलवत होता. आपलं कौतुकच चाललंय असं त्या बिचाऱ्याला वाटत होतं.

सुट्टीला साताऱ्याहून आलेली आतेबहीण अंकिता शिवतेजला बाजूला ओढून म्हणाली, "रडू नकोस! कुत्रा चावला असता तर दात रुतले असते. इथे फक्त पिसं गेलीत. चला, पहारा देऊ!"

"मी पण!" शिवतेजचा धाकटा भाऊ वीरधवल आधीच पुढे पळाला.

शेततळ्याला लागूनच बेदाण्याचं शेड होतं. हंगाम संपल्यामुळे ते रिकामंच होतं. तिघं हिरव्या जाळीआड दबा धरून बसली.

पाण्यात जखमी बदक पोहत होतं. दुसरं एक त्याच्यासमोर आलं आणि मान वरखाली करू लागलं. मग जखमी बदकही तशीच मान हलवू लागलं.

"नमस्कार घालतायत!" वीरधवल खिदळला.

"नर-मादी आहेत. एकमेकांना पसंत करतायत," अंकिता कुजबुजली. तेवढ्यात नर मादीच्या पाठीवर चढला. त्याने तिच्या मानेची पिसं चोचीत धरली. क्षणभरात तो उतरलाही, आणि मादी पंख झाडून आंघोळ करू लागली.

"जोडा लागला. कोंबड्यांचं पण असंच असतंय की," शिवतेज म्हणाला. मग एकदम ताठ बसला. "अंकिता! मानेची पिसं!"

"म्हणजे पिसं नरानेच उपटली!" अंकिता म्हणाली. पण खरा धक्का पुढे होता! काठावरची सगळी बदकं एकदम पाण्यात झेपावली. एक मादीच्या पाठीवर, दुसरं त्याच्यावर, तिसऱ्याने मान धरलेली! मघाचा नर त्यांना ढकलत होता, पण एकटा कुणाकुणाला पुरणार? मादीचं डोकं पाण्याखाली गेलं.

"बुडाली! बुडाली ती!" वीरधवल किंचाळला.

"तळ्याच्या प्लास्टिक कागदावर उतरू नको! निसरडं लय हाय!" शिवतेजने त्याला मागे खेचलं. अंकिताने लांब बांबू उचलून काठावरूनच पाण्यावर फाडकन आपटला. बदकं पांगली. मादी कशीबशी काठावर आली आणि 'क्वॅक! क्वॅक!' करत मोठ्याने ओरडू लागली.

बाकीचे मात्र घशातल्या घशात नुसते घरघरत होते. सगळ्यांच्या शेपटीवर एक कुरळं पीस!

"हे सगळे नर आहेत! मोठ्याने ओरडते ती मादीच!" अंकिता म्हणाली. "शिवा, माद्या कुठायत?"

शिवतेजने कपाळावर हात मारला. "आबांची दुपारची झोप मोडायची. म्हणून त्यांनी ओरडणारी सगळी विट्याच्या आत्याकडं धाडली. गप्प बसणारी तेवढी ठेवली! दोन तवा झुडपात लपलेली, म्हणून ऱ्हायली."

त्यातली एक काल मेली होती. अरे देवा! ही शेवटची!

तिघं धापा टाकत आबांकडे पळाली. पण आबा कसले ऐकतात! "बदकं काय दरोडेखोर हायती? जावा, खेळा!"

अंकिताने पवित्रा बदलला. "बरं आबा. पण टेम्पो येईपर्यंत चंप्या निसटला तर? तळ्याजवळ तुम्हीच साखळी धरून बसा ना. आमच्यावर कसा भरवसा ठेवणार?"

"ही बोलली शहाण्यासारखी!" आबा खूश झाले. साखळी मुठीला गुंडाळून ते काठावर ठाण मांडून बसले. मुलं बांबू घेऊन तयारच होती.

थोड्या वेळाने मादी पाण्यात उतरली. पुन्हा तीच झुंड! तोच धुमाकूळ!

आबा ताडकन उठले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग मुठीतल्या साखळीकडे, मग पायाशी बसलेल्या चंप्याकडे. मुलांनी बांबू आपटून मादीला सोडवलं आणि शेडच्या जाळीचा आडोसा करून वेगळं ठेवलं. मग अंकिताने नर कोण, मादी कोण, हे समजावून सांगितलं.

"म्हंजी माद्या म्या घालवल्या?" आबांनी विचारलं. "आन् कालची मेली ती माझ्यामुळं?"

तेवढ्यात दादासोचा टेम्पो आला.

"सुभेदार, कुत्रं कुठाय?"

"कुत्रं न्हाई जायचं! टेम्पो विट्याला वळीव. बदकं आणायचीत," आबा म्हणाले. "पोरं लय हुशार हायती गड्या! म्या डोळे असून आंधळा, ह्यांनी नीट बघितलं."

मग कडक सुभेदार मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चंप्याच्या गळ्यातली साखळी काढली.

"शिवा, हे मला आधी कुणी सांगितलं का न्हाई रं?"

शिवतेज चंप्याला कुरवाळू लागला. उत्तर वीरधवलने दिलं.

"तुमी कुणाला बोलूच कुठं देताय, आबा?"

आता फटका बसणार! पण आबांनी नातवाला जवळ ओढलं आणि ते म्हणाले, "बोल बाळा. आजपास्नं आधी तू बोल."