धर्माची चतकोर

स्कुबा म्हटलं की लोक मालवण गाठतात. पैसे जास्त झालेले अंदमानला जातात. तुळिंजच्या भूपेशने मात्र सव्वीस जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत मोबाईलवर जे हुडकून काढलं, ते घरापासून पाऊण तासावर होतं. महामार्गाच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात, एका बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत कुणीतरी हे नवीन सुरू केलं होतं. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी खास, पोहता येण्याची अट नाही, वर दुपारचं जेवण. भूपेशने दोघांचं बुकिंग केलं आणि मग बायकोला सांगितलं. नवऱ्यांची ही रीतच आहे, आधी करायचं आणि मग विचारायचं.

संजना चपात्या लाटत होती. त्याने पुढे धरलेला फोटो तिने पाहिला आणि लाटणं हातात तसंच राहिलं. काळ्या कातळाच्या चार उभ्या भिंती, मध्ये हिरवंगार, हलायचं नाव न घेणारं पाणी.

"ही आमची खदान," ती म्हणाली. "बाबांची."

भूपेशचा चेहरा उतरला. लगेच रद्द करतो म्हणाला. तव्यावरची चपाती करपली तरी संजना फोटोकडेच बघत होती. मग म्हणाली, "राहू दे. जाऊ या."

तिचे वडील धर्मा. खाडीकाठच्या गावातला भातशेती करणारा माणूस, पण शेतीवर भागेना म्हणून खदानीत पंप चालवायचा. खदान जितकी खोल जायची तितकं पाणी झिरपायचं, आणि ते उपसायला कातळात पायरीसारख्या सोडलेल्या दुसऱ्या टप्प्यावर डिझेलचा पंप रात्रंदिवस धडधडत असायचा. संजना चार वर्षांची होती तेव्हा एका भर दुपारी सुरुंगाने कपार फुटली आणि पाण्याचा लोंढाच आत आला. जेवायला बसलेले गडी हातातला घास टाकून वर धावले. धर्मा कुणालाच दिसला नाही. मालकाने हात झटकले. म्हणाला, तो आज कामावर आलाच नव्हता, हजेरीला त्याचा अंगठा नाही. खदान उपसायची कुणाला पडली होती? पाणी भरलं ते भरलंच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण धर्माचा चुलतभाऊ आत्माराम याने गावात सांगितलं, की त्याच सकाळी धर्माला एका बाईबरोबर गुजरातच्या गाडीत चढताना मी विरार स्टेशनात पाहिलं. खोटं बोलणाऱ्याला श्रोते कधी कमी पडत नाहीत. तीस वर्षं ती बाई गावात फिरत राहिली. कुणाच्या तोंडी ती गोरी होती, कुणाच्या तोंडी घाऱ्या डोळ्यांची. संजनाच्या लग्नाच्या बोलणीत सासरकडच्या एका म्हाताऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाप कुठं पळालाय म्हणे?" आणि पुतळाबाई, संजनाची आई, खाली मान घालून सुपारी कातरत राहिली होती.

पुतळाबाईला एकच गोष्ट ठाऊक होती. त्या सकाळी तिने नवऱ्याच्या हातात भाकरीचा डबा दिला होता. मामाने लग्नात दिलेला पितळी डबा, झाकणावर 'पुतळा – धर्मा' असं कोरलेलं. धर्मा रोज तो राखेने लखलखीत घासून परत आणायचा, आणि तळाशी चतकोर भाकरी ठेवलेली असायची. ती लेकीची. कितीही भूक असली तरी ती चतकोर तो खायचा नाही. तो डबाही धर्माबरोबर गेला होता.

आदल्या संध्याकाळी संजना माहेरी गेली. ऐकल्याबरोबर पुतळाबाईने सूप खाली ठेवलं.

"नको जाव पोरी त्या पान्यात."

"आये, खाली पंपाची खोली अजून आहे. मोबाईलवर लिहिलंय, उतरणारी माणसं बघून आलीत. डबा तिथे असेल तर बाबा कामावर होते. मग कोण बोलेल त्यांना?"

"आनि माजं काय?" पुतळाबाईने कपाळाला हात लावला. कुंकू अजून तिथे होतं. निम्मा गाव तिला हळदीकुंकवाला बोलवायचा, निम्मा टाळायचा. "तो पलाला तर त्याची अब्रू नाय. आनि तो त्या पान्यात हाय, तर माजा कुकू नाय. तू काय आननार हाईस माज्यासाठी, सांग."

संजना उठली. निघताना आईने दारातून एवढंच म्हटलं, "तुजा बापूस खाडीच्या बांधावरून चालताना तुजा झगा मागनं मुठीत धरायचा. तू पुढं, तो मागं. कदी पडू नाय दिलान तुला." मग तिने दार लोटून घेतलं.

खदानीवर पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. ऊन चांगलं होतं, पण कातळाच्या आत उतरलं की अंगावर गारवा येई. ओल्या रबराचा आणि शेवाळाचा वास. वरच्या वाटेने गाणी लावून आलेली मंडळीसुद्धा काठाशी आल्यावर हळू बोलायला लागत होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिकवणारा ज्युलियस गिरीज गावचा, केळीच्या वाडीत वाढलेला, अंदमानात चार वर्षं काम करून आलेला तरणा माणूस.

"ताई, तीनच गोष्टी लक्षात ठेवा," तो म्हणाला. "श्वास तोंडाने, आणि थांबवायचा नाही. कान दुखले तर नाक दाबून फुंकायचं. सगळं ठीक असेल तर बोटांचं असं वर्तुळ करून दाखवायचं. बाकी माझ्यावर सोडा. मी पूर्ण टाइम मागे असणार, सिलिंडर माझ्या हातात. मी दिसणार नाही, पण हात सुटणार नाही."

"दुसऱ्या टप्प्यावर पंपाची खोली आहे ना?"

ज्युलियस मास्कची काच पुसू लागला. "आहे. पण आपण पहिल्या टप्प्यापर्यंतच जातो, वीस फूट. नवीन माणसांना खाली नेत नाही. आणि खरं सांगू? मीपण तिथे एकदाच गेलोय... नाही आवडलं."

आणि तो तिच्या मापाचा मास्क शोधायला वळला.

अंगावर हवा भरायचं जॅकेट आणि सिलिंडर चढला तेव्हा संजनाने भूपेशचा खांदा धरला. तिला पोहता येत नव्हतं. काठच्या उथळ पाण्यात पहिला श्वास घेताना तिने दोनदा घाबरून डोकं वर काढलं. तिसऱ्यांदा मात्र दात घट्ट रोवले आणि आत गेली. वर भूपेश मोबाईल धरून उभा होता. त्याचं तोंड तिच्यापेक्षा पांढरं पडलं होतं.

आणि मग सगळे आवाज बंद झाले. तिचाच श्वास तेवढा, आत सूं... बाहेर बुडबुड बुडबुड. उन्हाच्या तिरक्या पट्ट्या हिरव्या पाण्यातून खाली गेल्या होत्या. कातळात सुरुंगासाठी पाडलेली भोकं ओळीने दिसत होती. जन्मभर ज्या पाण्याला भ्यायली, त्याच्या पोटात ती तरंगत होती आणि तिला चक्क आनंद होत होता. तिने बोटांचं वर्तुळ करून दाखवलं, एकदा, मग उगाचच पुन्हा एकदा. मागची पकड घट्ट होती.

पहिला टप्पा आला. इथे थांबायचं होतं. पण मागच्या हाताने तिला हलकेच पुढे ढकललं, टप्प्याच्या कडेवरून, खाली.

तिला वाटलं, ज्युलियसला दया आली असावी. खाली हिरवा रंग काळपट झाला. कान दुखले, तिने नाक दाबून फुंकलं. समोर पत्रा उडालेली, तीन भिंतींची खोली उभी राहिली. तेवढ्यात तिला ते ऐकू आलं. आधी छातीत, मग कानात. धक्... धक्... धक्... डिझेलचा पंप चालावा तसं. मास्कमध्ये नाक बंद, तरी डिझेलचा वास आला, आणि त्यात बाबांच्या सदऱ्याचा.

दाराशी तिने मागे वळून पाहिलं.

वर, बरंच वर, पहिल्या टप्प्याच्या कडेवर ज्युलियस होता. एका हाताने तोंडावरचा निसटलेला मास्क धरलेला, दुसऱ्या हातातली बॅटरी इकडेतिकडे वेड्यासारखी फिरवत तो कुणाला तरी शोधत होता. तिलाच शोधत होता.

तिच्या पाठीवरची पकड तशीच होती.

भीतीने तिचा श्वास थांबला, आणि ज्युलियसचं वाक्य आठवून तिने तो जोर लावून पुन्हा सुरू केला. पाठीवरची मूठ जरा आवळली. ओढलं नाही, ढकललं नाही. नुसती धरून राहिली, जशी झग्याची मागची बाजू कुणी बांधावरून चालताना धरावी... आणि संजनाची भीती गेली. कशी गेली ते तिला आजही सांगता येत नाही. मास्कच्या आत ती रडत होती.

पंप गंजून त्याचा ढीग झाला होता. त्यामागे कोनाडा. सगळ्या खोलीवर बोटभर गाळ, कोनाड्यात मात्र नाही. तिथे डबा होता. तिने दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. धडधड थांबली. त्याच क्षणी पाठीवरच्या हाताने तिला वर न्यायला सुरुवात केली, सावकाश, बुडबुड्यांच्याही मागून, घाई म्हणून नाही. पहिल्या टप्प्याशी ज्युलियसने तिचा दंड पकडला तेव्हा ती मूठ सुटली.

काठावर आल्यावर ज्युलियस कितीतरी वेळ खोकत राहिला. "माझ्या मास्कचा पट्टा तुटला, ताई. दहा सेकंद हात सोडला, फक्त दहा. पण तुम्ही खाली गेलात कशा? जॅकेटात हवा भरली होती मी. हवेने माणूस वर जातो... खाली कसा जाईल?"

संजना झाकणावरची अक्षरं बोटाने पुसत होती. भूपेशचा नंबर त्या दिवशी आला नाही, आणि त्यानेही तो मागितला नाही.

संध्याकाळी डबा सगळ्यांना दिसेल असा हातात धरून संजना गावात शिरली. पिशवी होती, पण तिने तो पिशवीत घातला नाही. देवळापासून घरापर्यंतची सगळी वाट ती मधोमध चालली. मागून माणसं जमत गेली. ओटीवर पुतळाबाई उभी होती. आत्मारामकाकाही काठी टेकत आला, म्हाताऱ्याला राहवलं नाही. डब्यावरची अक्षरं त्यानेच वाचली. मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'धर्मा'शी येऊन थांबला.

"खदानीच्या पंपाच्या खोलीत होता, काका," संजना म्हणाली. "माझ्या हातांनी काढला."

पुतळाबाई दिराकडे बघून पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलली. "गुजरातच्या गाडीत चडला व्हता ना? डबा खदानीत पाठवून चडला काय माजा दादला? बोला ना आता भावजी!"

आत्मारामने हात जोडले. तीस वर्षांचं ओझं असं एका डब्यापुढे उतरताना पाहून संजनाला ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं.

मग गर्दीतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांची नजर पुतळाबाईच्या कपाळावर गेली. धर्मा पळाला नव्हता, म्हणजे धर्मा बुडाला होता. आता कुंकू पुसायची रीत होती. एक म्हातारी पदर सावरून पुढे झाली.

"थांब," पुतळाबाई म्हणाली. "आदी डबा उघडू दे."

भूपेशने वाटेत पक्कड लावून पाहिली होती. तीस वर्षांचं झाकण, हललंसुद्धा नव्हतं. पुतळाबाईने ते नेहमीसारखं अंगठ्याने उचललं आणि ते उघडलं.

आत पाण्याचा थेंब नव्हता. पितळ राखेने घासलेलं, आरशासारखं. तळाशी तांदळाची चतकोर भाकरी, मऊ, वर जवळ्याची चटणी. पुतळाबाईने तिच्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं. मग पुन्हा ठेवलं.

"गरम हाय," ती हसली. पुढे झालेल्या म्हातारीकडे वळून म्हणाली, "गरम भाकरी धाडनाऱ्याची बायको रांडाव कशी गो?"

कुणीही कुंकवाला हात लावला नाही. संजनाने सगळ्या गावादेखत ओटीच्या पायरीवर बसून ती चतकोर खाल्ली. चव तिच्या ओळखीची होती. त्या वर्षी हळदीकुंकवाचं पहिलं बोलावणं पुतळाबाईला आत्मारामच्या घरून आलं.

सोमवारी सकाळी पुतळाबाईने भाकऱ्या भाजल्या, डबा भरला आणि कुणाला न सांगता रिक्षा करून, गड्यांच्या जुन्या पायवाटेने, खदानीच्या काठावर ठेवून आली. संजना रागावली, की असं एकटीने जायचं का. तेवढ्यात ज्युलियसचा फोन आला. आवाज फार हळू होता.

"ताई, आज आमची सुट्टी. पाण्यात कोणी उतरलं नाही, गेटला कुलूप होतं. मी आता आलो तर तुमचा डबा काठावर आहे. घासून ठेवलाय. ओला आहे अजून. आत थोडीशी भाकरी राहिली आहे... काय करू? फेकून देऊ?"

संजनाने आईकडे पाहिलं. पुतळाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"फेकू नको म्हनावं त्याला," ती म्हणाली. "ती पोरीची हाय."