ताटातली बीडी

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कामिनी नर्सनं माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि म्हणाली, "आजी, आता सहा मिनिटं चाला."

फुफ्फुसाच्या रोग्यांचा व्यायामवर्ग होता तो. चाळीस वर्षं मी तंबाखूच्या धुळीत बसून बीड्या वळल्या, चुलीपुढं धूर खाल्ला, त्याचं हे बक्षीस. आजी म्हटल्याचा राग होताच, वर समोरून एक माणूस आला आणि मधोमध धापा टाकत थांबला.

"बाजूले व्हा जी. रस्ता काय तुमच्या नावावर हाय?"

"दम तं घेऊ द्या, बाई…"

पांढऱ्या मिशा, धुतलेला सदरा आणि कानामागं बीडी.

"अन् हे काय? देवाचं फूल खोचलं का?"

साठीचा माणूस — पण लाजला. मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं.

वासुदेवराव, दिघोरीचे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. माझे धनी जाऊन बारा. आठवड्यातून दोनदा वर्ग भरे. नाकानं श्वास घ्या, ओठ आवळून हळू सोडा, असं कामिनी शिकवी. वासुदेवराव ओठ आवळून माझ्याकडंच पाहत.

"भिंतीकडं पाहा."

"भिंतीकडं पाह्यलं का दम लागते."

"बीडी सोडल्याबिगर माझ्याशी बोलू नका."

"चंद्रभागाबाई, तुमच्यासारख्याईनं वळल्या, म्हून आमी ओढल्या."

"वळल्या मी. तोंडात कोन घातल्या?"

त्यांनी कानामागची बीडी काढून माझ्या हातावर ठेवली. बोटं लागली… मीही हात लवकर मागं घेतला नाही.

पंधरा दिवस ते बडीशेप चघळत सगळ्यांवर खेकसले. दोन महिन्यांनी मात्र अख्खा व्हरांडा न थांबता चालले आणि त्याच दमात विचारलं, "घरी येऊ का? मागनी घालाले."

"या. दिराले विचारा."

इथंच मी चुकले. मान ताठ ठेवायच्या नादात घरची रीत सांगायची राहिली. आमच्याकडं सोयरिकीच्या बोलणीत पाहुण्यापुढं ताटात बीडी ठेवतात. ओढली तर बोलणी पुढं, नाकारली तर पाहुणा उठला.

आमच्या अड्याळच्या घरी माझ्या दिरानं, आनंदरावनं, ताट पुढं सरकवलं. मी दाराआड. वासुदेवरावांचा हात ताटाकडं गेला. ओढली तर सोयरीक जुळते, पण मला दिलेला शब्द मोडतो.

त्यांनी ताट मागं सारलं. "नाई भाऊ. बाईले शब्द देला हाय."

"बीडी नाकारली म्हंजे आमाले नाकारलं."

"तुमाले नाई. बीडीले."

"मंग उठा."

ते उठले. वाद नाही, विनवणी नाही. तेव्हा मी बाहेर आले.

"बसा," मी म्हटलं.

"वयनी, रीत हाय," दीर म्हणाला.

"रीतीच्या बीड्या या घरात कोन वळत होतं? मी. आता मीच वळत नाई, तं रीत कोनाच्या हातानं चालवता?"

मी ताट उचलून आत नेलं. तळ्यातले शिंगाडे उकडलेले होते, तेच भरून आणले.

आनंदरावनं एक शिंगाडा उचलला, नीट सोलला आणि वासुदेवरावांपुढं धरला.

"घ्या पाहुने. पन वयनीची जीभ ऐकली ना? मंग म्हनू नका, सांगितलं नाई."

"तेच ऐकाले तं आलो," वासुदेवराव म्हणाले.