चाळीस दिवसांचा पाहुणा

"हकीमबाबा, शुक्रवारी माझ्या भावाला फासावर देतायत!" पखालवाला नोर्मत उंबऱ्यातच मटकन बसला. पाठीवरची पखाल उतरवायचंही त्याला भान नव्हतं.

बुखाऱ्यात पायंदा हकीम दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. त्यांची नाडीपरीक्षा अचूक आणि जीभ कारल्याहून कडू.

"आधी पखाल उतरव. माझा गालिचा भिजवून भाऊ सुटत नसतो. आता सांग."

नोर्मतचा थोरला भाऊ एर्गश न्हावी. नारू काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रेशमाचे व्यापारी ओलिमबाय यांच्या पोटरीतला नारू, दोऱ्यासारखा लांब किडा, तो रोज बोटभर काडीवर गुंडाळत होता. काल तो गुंडाळून गेला आणि दुपारी ओलिमबाय मेले. गादीखाली बचनाग या विषाची रिकामी पुडी सापडली.

"मरताना काय होत होतं?"

"ओठ बधिर झाले, तोंडाला मुंग्या आल्या आणि तासाभरात संपलं. न्हाव्याने नारू तोडला, असं घरचे म्हणतात."

"तुटलेला नारू आठवडाभर तापाने जाळतो, मग मारतो. हा बचनागच. चल."

वाटेत नोर्मतची टकळी सुरूच होती. "नारू व्हायला नको होता हो त्यांना. घरची विहीर सोडून गेल्या उन्हाळ्यात हौदाचं पाणी प्यायले, ते या उन्हाळ्यात पायातून निघालं."

"नारूला वर्ष लागतंच. लवकर नाही की उशिरा नाही," हकीम म्हणाले. "पुडी कुणाच्या दुकानातली?"

"जडीबुटीवाल्या दावलतच्या. कागदावर त्याचा डाळिंबाचा शिक्का आहे."

"दावलत तर गेल्या हिवाळ्याआधीच दुकानासकट जळाला."

"तिथंच घोडं पेंड खातंय! म्हणजे पुडी त्याआधीची. एर्गश मलमासाठी त्याच्याकडूनच बचनाग घ्यायचा ना!"

ओलिमबायांची बायको सलोमत कोरड्या डोळ्यांनी बसली होती. तिने प्रेत दाखवलं. काडीवरचा नारू अखंड होता.

"दुपारी ते दुधात जहरमोहऱ्याचा दगड उगाळून घ्यायचे, अंगातलं विष उतरावं म्हणून," ती म्हणाली. "काल वाटी ओसरीवर होती. मी होते, पाहुणा होता आणि न्हावीही तिथेच होता."

"नवरा कसा होता?"

"दगड बरा. सख्खी बहीण यांच्या मनाविरुद्ध लग्न करून कझानला गेली, तर तिचं नावही काढू द्यायचे नाहीत. गेल्या उन्हाळ्यात कुणी बाई तीन दिवस दार ठोठावत होती. मला उठू दिलं नाही. यंदा त्या बहिणीचा मुलगा उंची कातडी घेऊन आला, तेव्हा मात्र दार उघडलं."

तो भाचा, इल्दार, अंगणात तांब्याच्या घंगाळात उजवा पाय बुडवून बसला होता.

"नवा बूट चावला," तो ओशाळं हसला. "पाण्यात ठेवला की आग थांबते. चाळीस दिवस झाले येऊन. बुखारा जन्मात प्रथमच पाहतोय. मामांचा नारू बघून तर शिसारीच आली. आमच्याकडे वाहत्या नदीचं पाणी, नारूचं नावसुद्धा नाही."

"आई?"

"कझानलाच वारली, दोन वर्षं झाली."

बाहेर येताच नोर्मत कुजबुजला, "बायकोनेच केलं! पुडी घेतली तेव्हा पाहुणा तर इथं नव्हताच."

"तुझी अक्कल पखालीबरोबर सांडली वाटतं. काजीसाहेबांना बोलाव. आणि एर्गशला आणायला सांग, हत्यारांसकट."

संध्याकाळी साखळदंडातला एर्गश, काजी आणि घरचे सगळे अंगणात जमले. हकीमांनी घंगाळाकडे बोट केलं.

"एर्गश, पाहुण्याच्या पायाला बूट कसा चावलाय, बघ जरा."

इल्दारने पाय आखडून घेतला, पण शिपायांनी धरला. एर्गशने फडकं सोडलं. फुटलेल्या फोडातून पांढरं टोक डोकावत होतं.

"नारू आहे," एर्गश हळूच म्हणाला.

"काजीसाहेब," हकीम म्हणाले, "पुडी गेल्या हिवाळ्याआधीची, म्हणून आपण पाहुण्याला वगळलं. पण हा नारू म्हणतो की या पायाचा मालक वर्षापूर्वी हौदाचं पाणी प्यायला. कझानला नारू नाही, हे तोच सांगतो. मग गेल्या उन्हाळ्यात तो होता कुठे? इथेच. दावलतचं दुकान तेव्हा उघडं होतं. आणि तेव्हाच एक बाई या दारात तीन दिवस बसली होती. खोटं बोलायची त्याला गरज काय पडली?"

इल्दारने पाय सोडवायची धडपड थांबवली.

"आई तापाने फणफणली होती," तो म्हणाला. "भावाला एकदा बघू दे, एवढंच म्हणायची. दाराआडून हा माणूस खाकरलेला मी ऐकला. चौथ्या दिवशी ती हौदाकाठच्या सराईत वारली. पुडी त्याच दिवशी घेतली. पण मग हे दार उघडलंच नाही. मी कझानला परतलो. कातडी आणली, तेव्हा उघडलं."

सलोमतने तोंडात ओढणीचा पदर कोंबला.

हौदाकाठची सराई. त्या सराईला त्या हौदाचं पाणी नोर्मतच घालायचा. तापलेली एक बाई आणि तिचा मुलगा त्याला आठवले. पुण्य म्हणून त्याने फुकट ओंजळी भरल्या होत्या.

इल्दारनेही त्याला ओळखलं. "या गावात आईला तेवढंच मिळालं," तो म्हणाला.

शिपायांनी एर्गशचे साखळदंड काढून इल्दारला घातले. एर्गशने मनगटं चोळली, पिशवीतून काडी काढली आणि त्याच पायाशी बसला.

"अरे, शुक्रवारी फासावर जाणाऱ्याचा नारू कशाला काढतोस?" काजी वैतागले. "पुरता निघायला महिना लागेल!"

"आज बोटभर निघेल," एर्गश म्हणाला. "आग तेवढी कमी होईल. नोर्मत, पाणी ओत."

नोर्मतने पखालीचं तोंड धरलं. ते सोडायला त्याचा हात होईना.