रोज सकाळी दहाची तक्रार

फोन खरं तर पायलचा होता. कंपनीच्या हेल्पलाइनवर माढा-करमाळ्याकडच्या तक्रारी तीच घ्यायची. पण ती बहिणीच्या लग्नासाठी महिनाभर रजेवर गेली आणि तो फोन वळून आला भुवनेश्वरीच्या कानात.

“हॅलो... केम गावावरनं अभिमन्यू बोलतोय. अभ्यासिका चालवतो. तुमच्या कंपनीचा कॉम्प्युटर हाय आमच्याकडं, पण नेट टिकंना झालंय. येतंय, जातंय... रुसल्यागत करतंय.”

“कधीपासून रुसलंय?” भुवनेश्वरीने विचारलं आणि स्वतःच दचकली. असलं काही विचारायची कंपनीत पद्धत नव्हती.

पलीकडे तो मोकळेपणी हसला. त्या हसण्यातच सगळं बिघडलं म्हणा ना!

भुवनेश्वरी सोलापुरात, साखर पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत बसून काम करायची. खाली वडिलांचे माग खडखडत, वर ही हेडफोन लावून. बहीण लग्न होऊन भिवंडीला, मैत्रिणी नोकरीसाठी पुण्याला. दिवसभरात ती चाळीस माणसांशी बोलायची, पण तिच्याशी कुणी बोलायचं नाही. सगळे बोलत ते बिघाडाबद्दल. जेवलीस का, असं विचारणारी एक अम्मा, तीही मागांच्या आवाजात जिन्यातून ओरडून.

केमचा बिघाड तसा साधा होता. राउटर रस्त्यापलीकडे ग्रामपंचायतीत, मध्ये जाड दगडी भिंत. कॉम्प्युटरमधला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, मात्र हट्टी. ट्रान्समिट रेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, तो आपल्या मनाने ठरवायचा आणि दर वेळी थेट चोपन्न एमबीपीएसवर उडी मारायचा. तेवढं झेपायचं नाही, की जोडणी तुटायची.

“वेग आपण अकरावर बांधून टाकू,” ती म्हणाली. “हळू चालेल, पण तुटणार नाही.”

“चालंल की. आमाला कुटं घाई हाय?”

नेट टिकलं. पण संध्याकाळी मशीन बंद केलं की ड्रायव्हर सगळं विसरायचा आणि पुन्हा उड्या मारायला लागायचा. ते सेटिंग उघडायला कंपनीचा, हेल्पलाइनवरच मिळणारा आणि रोज बदलणारा गुप्त आकडा लागे. म्हणून दहाला हेल्पलाइन उघडली, की पहिला फोन केमचा.

“आज काय म्हणतोय ड्रायव्हर?”

“सगळं इसरलाय बघा. मी मात्र न्हाय. काल तुमाला सर्दी होती... आज बरं हाय का?”

आपली सर्दी कुणीतरी लक्षात ठेवली, एवढ्यावर तिचा तो अख्खा दिवस गेला.

मध्येच केमच्या स्टेशनातून मालगाडी धडधडत जायची. “थांबा, गाडी जाऊ द्या,” तो म्हणायचा, आणि दोघंही काही न बोलता नुसती थांबायची. तिला वाटायचं, गाडीला अजून दहा डबे असते तर काय बिघडलं असतं?

एकदा त्याने विचारलं, “आमच्या केमचं कुंकू वापरता का घरी?”

“अम्मा वापरते. मी साधी टिकली लावते.”

“म्हंजे तुमचं अजून...”

“अजून काय?”

“काय न्हाय. आकडा सांगा की.”

भुवनेश्वरी एकटीच लाजली. बघायला कोण होतं?

मात्र एक गोष्ट ती लपवत होती. वेग अकरावर बांधणारी एक ओळ मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये एकदा लिहून ठेवली असती, तर काम कायमचं मिटलं असतं. हे तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तेवीस दिवस गेले.

चोविसाव्या दिवशी तो म्हणाला, “गुरुवारी सकाळी आठला पोरांची ऑनलाइन परीक्षा हाय. तुमची लाइन उघडती दहाला. आदल्या दिशी आकडा दिला तर चालंल का?”

चालणार नव्हतं. त्या दिवसाचा आकडा त्या दिवशीच मिळायचा. पण पोरांच्या परीक्षेपुढे तिचा मोह कसा टिकणार?

“एक ओळ सांगते... नीट लिहा. मग रोज फोन करावा लागणार नाही.”

त्याने ओळ लिहिली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. नेट आपोआप अकरावर आलं.

“हे आजच सुचलं व्हय?”

हो म्हणून सुटता आलं असतं. तिला ते जमलं नाही. “नाही. दुसऱ्या दिवसापासून माहीत होतं.”

पलीकडे वही फटकन मिटली.

“रोज दहा-दहा मिनिटं पोरं ताटकळत बसतात हितं, मॅडम.”

“माहीत आहे.”

“मग... का?”

ती पडद्यावरच्या त्याच्या तक्रारीकडे बघत राहिली. “तक्रार बंद करा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. तिने तक्रार बंद केली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. दहा वाजता दुसऱ्याच कुणाचा फोन यायचा आणि ती अगदी नियमाप्रमाणे बोलायची. अम्माने विचारलं, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, बरी आहे. घरात चार माणसं आणि आठ माग होते, तरी तिला ते घर रिकामं रिकामं वाटत होतं.

रविवारी सुट्टी. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभं राहून तिने स्वतःच्या मोबाइलवरून तक्रारीत नोंदलेला अभ्यासिकेचा नंबर लावला. ग्राहकाला असा फोन करायला परवानगी नसते. आणि आजवर तिने कुणाला आपणहून फोन लावलाही नव्हता; लोकच तिला लावत.

“कोन?”

“भुवनेश्वरी.”

“...परीक्षा नीट झाली पोरांची. नेट एकदाबी तुटलं न्हाय.”

“मी त्यासाठी फोन नाही केला.”

“मग?”

“त्या दिवशी तुम्ही ‘का’ म्हणून विचारलं होतं.” तिने चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं. “मला फार एकटं वाटतं हो इथे. दिवसभरात माझ्याशी बोलणारे तुम्ही एकटेच होता. ती ओळ सांगितली असती, तर तुम्ही पुन्हा फोन केला नसता... पोरांना ताटकळत ठेवलं, ते चुकलंच माझं. पण तुम्ही मला आवडता, हे काही चुकून झालेलं नाही.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रविवारी अभ्यासिका बंद असते, हे तिला आठवलं. मग हा तिथे काय करत होता?

“राग आला हुता मला,” तो हळूच म्हणाला. “अजून हाय थोडा.”

“थोडा म्हणजे... किती?”

“भेटल्यावर जाईल एवढा.”