मांडवापर्यंत वायर

कोपरखैरण्याच्या त्या दुकानात निळ्या केबलचे एकच वेटोळे उरले होते, आणि त्यावर एकाच क्षणी दोन हात पडले. एक नमिताचा, दुसरा एका चष्मेवाल्या तरुणाचा.

“मी आधी धरलं,” ती म्हणाली.

“धरणं म्हणजे घेणं नव्हे. काय करणार आहात हिचं?”

वाद घालणाऱ्याला कारण सांगू नये, हे नमिताला ठाऊक होते. तरी तिने सांगितले. रविवारी तिच्या चुलतबहिणीची, वैदेहीची, दुबईत हळद होती. मालतीआत्या म्हणजे हळदीला धवला हे पारंपरिक लग्नगीत गाणारी गावातली अखेरची धवलारीण. तिचा धवला ऐकल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, हा वैदेहीचा हट्ट. आणि घराच्या छपराखाली नव्हे, मांडवातच गाईन, हा आत्याचा! म्हणून बोनकोड्याच्या घरामागची पत्र्याची शेड आंब्याच्या डहाळ्यांनी सजली होती. पण वायफाय काही तिच्यात शिरत नव्हते.

“आत दोन रिपीटर लावलेत. आता या वायरने त्यांना तिसरा जोडते.”

“तेरावा लावा! पत्रा लहरींना बाहेरच अडवतो. आत काही पोहोचतच नाही, तर रिपीटर पुढे देणार काय? घरातल्या राउटरपासून वायर न्या आणि वायफायचा डबा शेडमध्येच बसवा.”

“तुम्ही कोण, वायफायचे डॉक्टर?”

“अभिराम. न्हावा शेव्याला कंटेनरांच्या यार्डात नेटवर्क सांभाळतो. लोखंडाशी माझं रोजचंच भांडण.”

वेटोळे नमिताला मिळाले. पाठोपाठ अभिरामही आला. शुक्रवारी आला, शनिवारी आला. दोघांनी अंगणाच्या कडेने नळी पुरली, तिच्यातून वायर ओढली. एप्रिलच्या उन्हात पत्रा तव्यासारखा तापला होता. वायर ओढताना बोटांना बोटे लागत… आणि गाल लाल झाले की दोघेही दोष उन्हालाच देत.

रविवारी पाचला पाच मिनिटे कमी, आणि डब्यावरचा दिवा लाल!

“पोरी, नवरी हळदीला बसली नं गं तिकरं!” आत्या कळवळली.

अभिरामने वायरचे टोक कापले, नवे बसवले, चिमट्याने दाबले. दिवा हिरवा झाला. नमिताने आनंदाने त्याचा हात धरला — आणि सोडायचे विसरून गेली.

आत्याचा खणखणीत सूर उठला. लॅपटॉपच्या पडद्यावर वैदेहीच्या पिवळ्या गालांवरून पाणी ओघळले. धवला संपला, तशी ती डोळे पुसत म्हणाली, “नमे, तू हात धरलायस तो कोण गं?”

दुबईतला सगळा मांडव हसला.

“ते… वायफायवाले.”

“विधान अपुरं आहे,” अभिराम म्हणाला.

“मग पुरं करा की!”

त्याने चष्मा सारखा केला. “काम काल दुपारीच संपलं होतं. निघावंसं वाटेना… म्हणून संध्याकाळपर्यंत ते टोक काढून पुन्हा पुन्हा बसवत राहिलो. त्यानंच सैल झालं.”

“म्हणजे माझ्या बहिणीची हळद तुम्ही—”

“चूक माझी. पण तुम्ही मला आवडता, नमिता.”

शेडमध्ये शांतता पसरली. दुबईतही.

“नेट गेलं का काय?” आत्याने विचारले.

“नाय आत्या, मीच गप झाली,” नमिता म्हणाली; आणि मग, त्याच्याकडे न पाहता, “पुढच्या रविवारी आईबाबांना घेऊन या.”