चाळीस उरलेल्यांचं गाणं

“आधी ती शीळ बंद करा!” ती जवळजवळ ओरडलीच.

पिंजऱ्यांच्या दाराशी उभा असलेला तरुण दचकला. गळ्यात हेडफोन, खांद्यावर यंत्रांची पिशवी... आज येणार होता तो ध्वनिमुद्रक हाच असणार.

“ही पिल्लं ऐकतील तेच शिकतात,” ती म्हणाली. “उद्या जंगलात जाऊन तुमचं सिनेमातलं गाणं गायला लागली, तर एक मादी फिरकायची नाही त्यांच्याकडे.”

“खरंय,” तो ओशाळून हसला. “माझ्याकडे तरी कुठे कोण फिरकलंय...”

तिने मान फिरवली, नाहीतर हसू दिसलं असतं.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हतीच. या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्यांची जात संपत आली होती. जंगलात जेमतेम चाळीस उरले होते. तेही इतके पांगलेले, की कोवळ्या नरांना गाणं शिकवायला वडीलधारं कुणी नाही. म्हणून केंद्रात ती चिमट्याने अळ्या भरवून पिल्लं वाढवत होती, आणि तो जुन्या नरांचं ध्वनिमुद्रित गाणं त्यांना रोज सकाळी ऐकवणार होता.

गाणं चालू असताना पिल्लांपाशी बोलायला बंदी. दोघं दोन स्टुलांवर गप्प बसत. तो वहीच्या कोपऱ्यात काहीबाही लिहून पुढे सरकवी — ‘आज केस मोकळे?’ ती खाली लिही — ‘कामाकडे लक्ष द्या.’ महिन्याभरात त्या ‘द्या’चं ‘दे’ झालं, तिला कळलंसुद्धा नाही.

सहा महिन्यांनी अकरा पक्षी सोडायचे ठरले. जंगल दोन दिवसांच्या वाटेवर. त्यांच्या मागावर राहायला तो निघाला, तीन वर्षांसाठी. गाडीत पेट्या चढल्या.

“चल ना माझ्याबरोबर.”

“आणि बाबा? त्यांना पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही रे.”

“त्यांनाही नेऊ.”

“जिथे दवाखाना नाही, तिथे?”

तिने त्याच्या जाकिटाची दुमडलेली कॉलर सारखी केली.

“आवडतोस तू मला. फार... पण माझी वाट बघू नकोस. बाबांच्या मरणाची वाट बघितल्यासारखं होईल ते.”

त्याने तिचं ऐकलं.

बाबा गेले ते चौथ्या वर्षी. त्यानंतर केंद्राने तिला पक्ष्यांच्या तपासणीसाठी जंगलात पाठवलं. तो मुक्काम वाढवून तिथेच राहिला होता. दार उघडलं त्याच्या बायकोने; जवळच्या शाळेत शिकवायची ती.

“या ताई! किती ऐकलंय तुमच्याबद्दल!” म्हणत तिने गरम चहा पुढे केला. राग करावा असं तिच्यात काहीच नव्हतं... तेच अवघड होतं.

मग तो तिला पक्षी दाखवायला रानात घेऊन गेला. उंच फांदीवर यंदाचं, रानातच जन्मलेलं पिल्लू बसलं होतं. अडखळत, मधलाच एक सूर गाळत त्याने गाणं म्हटलं. शेजारच्या फांदीवरून, पायात केंद्राचं कडं असलेल्या बापाने ते सबंध म्हणून दाखवलं. पिल्लाने पुन्हा सुरुवात केली... आणि या वेळी शेवटापर्यंत गेलं.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“रडतेस?” त्याने हळूच विचारलं.

“शिकलं ना रे ते... शिकलं.”

त्याने खिशातला रुमाल तिच्या हातात दिला, आणि तिचं रडून होईपर्यंत चार पावलं पुढे, पाठ करून उभा राहिला.